काचेच्या खोलीतलं पाणी

माणसाला नोकरीवरून काढायचं असलं की आधी त्याच्यासाठी पाणी भरून ठेवावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती एचआरची प्रमुख झाली त्याच वर्षी एक चांगला धडधाकट गडी तिच्यासमोर बातमी ऐकता ऐकता पांढराफटक पडला, पाणी पाणी करायला लागला, आणि ती आणायला धावली तेवढ्यात खुर्चीवरून खाली आला. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. वाईट बातमी द्यायची असली की माणूस आत यायच्या आधीच पेला भरायचा, वर बशी झाकायची आणि तो समोरच्या खुर्चीपुढे ठेवायचा. तिच्या मते ही माणुसकी होती. आता खोली काचेची असली की आतली माणुसकीसुद्धा अख्ख्या मजल्याला दिसते, एवढी साधी गोष्ट या शहाण्या बाईच्या डोक्यात कधी आली नाही. मजला सकाळी कामावर यायचा तोच त्या खोलीत डोकावत. टेबल रिकामं दिसलं की लोक हुश्श करून आपापल्या जागी बसायचे. पाठीमागे तिला 'पाणीवाली' म्हणायचे, आणि हे फक्त तिलाच ठाऊक नव्हतं.

काम त्यांचं तसं वेगळंच. कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो. ते बटण वाजतं ते या मजल्यावर. टेबलावरचा लाल दिवा लागतो, आणि डोक्याला हेडफोन लावलेली एक बाई किंवा बुवा त्या अडकलेल्या जिवाशी बोलायला लागतात. मेकॅनिक पोचेपर्यंत बोलत राहायचं. कुणी रडतं, कुणी शिव्या देतं, कुणी दार लाथाडतं. आणि कधी कधी फोन येतो पण पलीकडून आवाजच येत नाही. त्याचा नियम पहिल्या दिवशीच शिकवतात: गप्प फोन कधी ठेवायचा नाही. गप्प फोन म्हणजे आत माणूस आहे, असंच धरायचं आणि मेकॅनिक पाठवायचा.

तिची भावजय याच मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर होती. हिच्या आधी लागलेली; भावाशी लग्न नंतर जमलं, त्यामुळे वशिल्याचा प्रश्नच नव्हता. तरीही दरवर्षी नव्याने सही करायची कंत्राटी नोकरी. कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. पण यंदा रात्र-दिवसाच्या नव्या शिफ्ट सुरू व्हायच्या होत्या, त्यांना इनचार्ज नेमायचे होते, आणि इनचार्ज म्हणजे कायम. एकदा कायम झालं की बाळंतपणाची रजा पगारी, आणि नोकरी कुणाच्या बापाला हलवता येणार नाही. कंत्राटी राहिलं तर पोट दिसायच्या आत कंत्राट संपतं, आणि मग कुणी काही बोलत नाही, नवीन कागद पुढे येत नाही, एवढंच.

आणि पोट दिसणार होतं. ते घरात फक्त नणंदेला माहीत होतं.

तिघं एकाच घरात राहायचे. नणंदेने लग्न केलं नव्हतं, कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळ नाही मिळाला हो, मीटिंग होती." एका सकाळी न्हाणीघरातून ओकाऱ्यांचा आवाज आला आणि भावजय बाहेर आली ती तोंड पुसत, भिंतीला धरून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "ताई, यांना सांगू नका एवढ्यात," ती म्हणाली. "तुमच्या भावाच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि मागच्या वेळी गेलं तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त रडले. डॉक्टरीण 'आता काळजी नाही' म्हणाली की सांगेन. तोवर तुम्ही आणि मी." नणंदेने तिचा हात हातात धरून "माझ्या पोटातच राहील," असं वचन दिलं होतं. मनापासून दिलं होतं, त्यात खोट नव्हती.

नव्या इनचार्जची यादी हेड ऑफिसला जायच्या दिवशी सकाळीच साहेबाने तिला बोलावलं.

साहेब म्हणजे मजल्याचा मुख्य. कितीही कडू गोळी असो, साखरेत घोळवून द्यायचा, म्हणून त्याला सगळे 'साखरसाहेब' म्हणायचे. ओरडताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. तसल्या माणसाची जास्त भीती वाटते.

"या, या. बसा हो. तुम्ही उभ्या राहिलात की मला शाळेत असल्यासारखं वाटतं." त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "सगळी नावं झाली. एकच अडलंय. तुमच्या भावजयीचं."

"त्या निर्णयात मी नाही साहेब. नात्यातली आहे म्हणून मी बाहेर राहते, हे मी आधीच लिहून दिलंय."

"अहो, निर्णय कोण मागतंय? निर्णय माझाच. कामात तर तिचा हात कुणी धरणार नाही. मी आपली साधी माहिती विचारतोय. हे बघा ना."

स्क्रीनवर ते नवं सॉफ्टवेअर होतं. कोण जागेवरून केव्हा उठलं, किती वेळ गेलं, कोण कंटाळलंय, कोण सोडून जाईलसं वाटतं, सगळं ते टिपायचं आणि माणसाच्या नावाला रंग द्यायचं. मजल्यावर त्याला 'सासूबाई' म्हणत. या सासूबाईंना घरात घ्यायला होकार दिला होता तो एचआरनेच. दमलेली माणसं वेळेवर कळतील, त्यांना विश्रांती देता येईल, असं तिला तेव्हा वाटलं होतं. भावजयीचं नाव पिवळं झालं होतं.

"गेले काही आठवडे सकाळच्या वेळी सारखी उठते," साहेब हळुवारपणे म्हणाला. "पूर्वी असं नव्हतं. आता बाईमाणूस सकाळी सकाळी सारखं उठायला लागलं की... मलाही पोरं आहेत हो, मी काय आकाशातून पडलोय? आज तिला इनचार्ज करायचं, कायम करायचं, आणि शिफ्ट रांगेला लागायच्या आत ती घरी बसणार. मग मी हेड ऑफिसला काय तोंड दाखवू?" तो पुढे झुकला. "तुम्ही एका घरात राहता. एकच वाक्य बोला, 'तसं काही नाही.' मी आत्ता, तुमच्यादेखत नाव पाठवतो. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

हो म्हणावं तर घरात दिलेलं वचन मोडलं आणि पोरीची नोकरी गेली. नाही म्हणावं तर काही महिन्यांत पोटच साक्ष देईल, आणि नातलगासाठी खोटं बोलणारी एचआर म्हणून हिची उचलबांगडी. इकडे आड, तिकडे विहीर. तिसरं उत्तर होतं, नव्हतं असं नाही. 'साहेब, हा प्रश्न तुम्ही विचारू शकत नाही.' हे वाक्य तिनेच प्रत्येक नव्या मॅनेजरकडून घोकून घेतलं होतं. दरवर्षी ट्रेनिंगमध्ये फळ्यावर लिहायची. पण मनात आलं, आत्ता हे म्हटलं तर हा म्हणणार, म्हणजे पाणी मुरतंय. घरचं माणूस नसतं तर तिने ते ताडकन सुनावलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यात जीभ अडकली. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी ती बसून राहिली. बराच वेळ.

"मी... बघते. सांगते तुम्हाला," शेवटी ती म्हणाली.

साहेब हसला. गोडच हसला. "सांगा की. सावकाश. यादी दुपारी जाते."

ती बाहेर आली. वाटलं, आधी भावजयीच्या कानावर घालावं. नोकरी तिची, पोट तिचं. काय बोलायचं ते तीच ठरवेल. मजल्यावर बोलायची चोरी. बोलायला जागा एकच, ती काचेची खोली. तिने भावजयीला निरोप धाडला, हातातला फोन झाला की ये.

आणि मग आठवलं, आज सकाळी ती काही न खाता निघाली होती. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. आत येऊन बसली आणि हे ऐकून चक्कर आली तर? कूलरपाशी जाऊन तिने पेला भरला. सवयीने वर बशी झाकली आणि समोरच्या खुर्चीपुढे नेऊन ठेवला. या बाईच्या हातून आयुष्यात झालेली ही सगळ्यात प्रेमाची चूक.

मजला गप्प झाला. आधी दाराजवळची टंकलेखनवाली थांबली, मग तिच्या पलीकडचे. माना काचेकडे वळल्या, तिथून खिडकीजवळच्या टेबलाकडे वळल्या आणि खाली गेल्या. आत बसलेल्या नणंदेला वाटलं, आज कामाचा जोर कमी दिसतोय.

भावजय फोनवर होती. दिवा लाल होता. कुणी म्हातारा अडकला होता कुठेतरी. तिने बोलता बोलता सहज मान वर केली आणि तिला पेला दिसला. बशीसकट. काचेतून नणंद तिच्याकडे पाहून हसली, ये ये म्हणून मान हलवली. भावजयीच्या तोंडावरचं रक्त उतरलं, पण आवाज हलला नाही. "नाही आजोबा, दोर तुटत नाही, तसं फक्त सिनेमात. भिंतीला पाठ लावून खाली बसा बरं. बसलात? आता मला सांगा, बाजारातून काय काय घेतलंत?" डोळे पेल्यावर, आणि तोंडाने आजोबांची भाजी ऐकत होती. मेकॅनिक पोचला, दार उघडलं, म्हातारा घाईघाईत आभार मानून गेला. लाल दिवा विझला. तिने हेडफोन काढला, नीट ठेवला आणि सगळ्या मजल्याच्या नजरेतून चालत आली.

दार लावलं. खुर्चीवर बसली नाही.

"सांगितलंत तुम्ही," ती म्हणाली.

"अगं काय? बस तरी आधी. पाणी घे."

"पाणी घे?" तिचा आवाज चिरकला. "ताई, हे पाणी कुणासाठी ठेवता तुम्ही, हे तुम्हाला खरंच माहीत नाही? या पेल्याकडे बघून लोक आपले ड्रॉवर आवरायला घेतात! पाणीवाली म्हणतात तुम्हाला, पाणीवाली! मी घरी कधी बोलले नाही, तुम्हाला लागेल म्हणून."

नणंदेने काचेबाहेर पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं म्हणा ना. सगळा मजला तिच्याकडेच बघत होता, आणि तिने पाहताच सगळ्यांनी नजरा फिरवल्या. तिचा हात उगाचच बशीकडे गेला आणि परत आला.

"नाही गं," ती कशीबशी म्हणाली. "हे तसलं पाणी नाही. तू सकाळी काही खाल्लं नाहीस म्हणून... आणि मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तुझी शपथ. साहेबाने विचारलं, मी सांगितलं नाही."

"विचारलं? काय विचारलं?"

"तुझ्याबद्दल. तसं काही आहे का."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही म्हणाले."

"'तसं काही नाही' म्हणालात? की काहीच म्हणाला नाहीत?"

नणंद बोलेना.

"काहीच नाही," भावजयीने स्वतःच उत्तर दिलं. आता ती ओरडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "ताई, गप्प फोन आला की आम्ही काय धरतो? आत माणूस आहे. मग साहेबाने काय धरलं असेल? एवढं बडबडता ट्रेनिंगमध्ये, हे विचारायचं नाही, ते विचारायचं नाही. आम्हाला सगळ्यांना पाठ आहे ते. आणि ज्या दिवशी बोलायचं त्याच दिवशी जीभ कुठे गेली तुमची? मी माझ्या नवऱ्याच्या आधी तुम्हाला सांगितलं होतं."

खिडकीजवळच्या टेबलावर लाल दिवा लुकलुकायला लागला. भावजयीने डोळे पुसले, दार उघडलं आणि फोन घ्यायला गेली. पेला तसाच राहिला.

नणंद खाली बघत बसली. लाज वाटली तिला, अगदी कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. राग आला तो साहेबाचा नव्हता. साहेब काय, विंचू तो, नांगी मारणारच. राग आला तो आपल्या त्या लांबलचक गप्प बसण्याचा.

दारावर टकटक झाली. साखरसाहेब. चेहरा उजळलेला, आवाज आदबीचा.

"वा! मानलं बुवा तुम्हाला. मी म्हटलं, घरचं माणूस, तुम्हाला जड जाईल. तुम्ही तर सुंठीवाचून खोकला घालवलात. मी काचेतून पाहिलं, पेला पाहिला, समजलो. शहाण्याला इशारा पुरतो. आता मी नाव काढून टाकतो आणि यादी पाठवतो."

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं! पेल्याचा अर्थ त्या कूलरपासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. वचन न मोडता, एक शब्द न बोलता, तिने भावजयीची नोकरी स्वतःच्या हाताने टेबलावर भरून ठेवली होती.

"थांबा," ती म्हणाली. "तुमचा गैरसमज झालाय. हे पाणी तिच्यासाठी नव्हतं."

"अस्सं?" साहेबाने भुवई उचलली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर रेलला. "मग कुणासाठी होतं?"

आता बोला! खरं सांगावं, की पोरीला सकाळपासून मळमळतंय म्हणून ठेवलं, तर संपलंच सगळं. पाण्याला दुसरं कारण सापडेना. साहेब वाट बघत होता, मांजर उंदराच्या बिळापाशी बघतं तशी. बाहेर मजला वाट बघत होता. खिडकीजवळ भावजय कुणाला तरी "घाबरू नका, मी आहे ना" म्हणत होती, पण तिचीही मान इकडेच होती. पुन्हा गप्प बसलं तर पुन्हा तेच उत्तर जाणार होतं.

ती उठली. टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत, काढून टाकलेल्या माणसांच्या खुर्चीत येऊन बसली. बशी उचलली, बाजूला ठेवली, आणि पेला तोंडाला लावून घटाघटा सगळं पाणी प्यायली. पाणी कोमट झालं होतं.

बाहेर कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं, ते काचेतून ऐकू आलं.

"माझ्यासाठी होतं," तोंड पुसत ती म्हणाली.

"हे काय नाटक?" साहेबाची साखर पहिल्यांदा विरघळली.

"नाटक नाही. सकाळी तुम्ही मला एक प्रश्न विचारलात. तो विचारता येत नाही, हे तुम्हाला तिथल्या तिथे सांगणं माझं काम होतं. त्याच कामाचा मी पगार घेते. मी ते केलं नाही. ज्या एचआरची जीभ वेळेला उचलत नाही, तिची जागा या खुर्चीत. मी राजीनामा देते. कारण लिहून देते. कोणता प्रश्न, कुणी, कुणाबद्दल विचारला. मी गप्प बसले, तेही लिहिते. एक प्रत तुम्हाला, एक हेड ऑफिसला."

साहेब तिच्याकडे बघत राहिला. हिशेब करत होता, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. ते पत्र आणि ती यादी एकाच दिवशी हेड ऑफिसच्या टेबलावर पडणार. आणि यादीतून नेमकं तेच नाव गळलेलं असलं, तर ते का गळलं हे कुणाला विचारायची गरज उरणार नव्हती.

"अहो, एवढं मनाला लावून काय घेता," तो चाचरत म्हणाला. "यादी अजून गेलेली नाही."

"माहितेय. म्हणूनच पाणी आत्ता प्यायले."

तो उठला. दारापर्यंत गेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, दाराची मूठ धरून वळला आणि अगदी हळू, घरगुती आवाजात म्हणाला, "आता तुम्ही निघालातच, तर सांगून टाका ना. आहे का तसं काही?"

"साहेब," ती म्हणाली, आणि दार उघडं असल्यामुळे पुढचं वाक्य मजल्याच्या टोकापर्यंत गेलं, "हा प्रश्न तुम्ही विचारू शकत नाही."

तो गेला. तिने पत्र लिहिलं, दोन्हीकडे पाठवलं. ड्रॉवर आवरायला घेतला तर आत आवरण्यासारखं फारसं काही नव्हतंच. चष्म्याचं घर, एक शाल, डोकेदुखीच्या गोळ्या. पिशवी भरेस्तोवर सगळ्यांच्या स्क्रीनवर नव्या इनचार्जची नावं आली. भावजयीचं नाव त्यात होतं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

पिशवी खांद्याला लावून ती मजल्यातून निघाली. एरवी ती जवळ आली की लोक स्क्रीनमध्ये डोकं खुपसायचे. आज कुणी खुपसलं नाही. टंकलेखनवाली उभी राहिली, मग तिच्या पलीकडचे उभे राहिले. ओळखीचीच माणसं, पण आज तिला त्यांचे चेहरे नीट दिसत होते. उद्या सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न आत्ताच धडका मारायला लागला होता.

भावजय उठली नाही. डोक्याला हेडफोन लावून ती खाली मान घालून बोलत होती. नणंद तिच्या टेबलापाशी क्षणभर थांबली. बोलायला तोंड तरी कुठे उरलं होतं? फोन चालू असताना मधे बोलायचं नाही, हा नियम तर होताच. ती पुढे निघाली.

"हं, ऐकतेय मी," मागून भावजयीचा आवाज आला, तोच फोनवरचा, न हलणारा. "बोलू नका काही. नाही बोललात तरी मला कळतंय तुम्ही आहात. उशीर झाला खरा, पण दार उघडलंय आता. घरी गेलात की आधी थोडं खाऊन घ्या. भांडण राहिलंय आपलं, ते मी आल्यावर करू. आणि आज यांनाही सांगून टाकू, दोघी मिळून."

नणंद वळली. भावजय तिच्याकडेच बघत होती, डोळे भरलेले.

टेबलावरचा लाल दिवा लागलेलाच नव्हता.